चाळीस साइट, एक डॅशबोर्ड: मॉनिटरिंगची वाटणी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असाय. राजारामपुरीत दोघांची छोटी वेब एजन्सी आहे, चाळीसेक साइट सांभाळतात. त्यात चार-पाच हॉटेलं, दोन सराफ, शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले, एक कॉलेज, कोल्हापुरी चप्पल विकणारी एक ऑनलाइन शॉप, बाकी पाच-पाच पानांच्या साध्या साइट. साइट चालू आहे की बंद ते सतत तपासणाऱ्या टूलमधले सगळे मॉनिटर (म्हणजे एकेका साइटचे चेक) एकाच अकाउंटमध्ये, सगळे अलर्ट एकाच टेलिग्राम ग्रुपवर. आणि आता एका हॉटेलवाल्यांनी मागणी केलीय की आम्हाला पण लॉगिन द्या, साइट किती वेळ बंद असते ते आमचं आम्ही बघतो. तर वर्कस्पेस (टूलमधले स्वतंत्र कप्पे) वेगळे करावेत का, आणि केले तर क्लायंटप्रमाणे, सर्व्हरप्रमाणे, की प्रॉडक्शन-स्टेजिंग (लोकांना दिसणारी साइट आणि तिची चाचणीची प्रत) असं?

वेगळे कराच. पण टूलमध्ये जाऊन "न्यू वर्कस्पेस" दाबायच्या आधी एक वही घ्या आणि प्रत्येक साइटपुढं दोनच गोष्टी लिहा: ही रात्री बंद पडली तर उठणार कोण, आणि हिचा रिपोर्ट कुणाला दिसता कामा नये. बास. ज्या साइटची दोन्ही उत्तरं सारखी, त्या एका वर्कस्पेसमध्ये राहतात. उत्तर बदललं की वर्कस्पेस बदलला. वर्डप्रेसवाल्या एकीकडं, लारावेलवाल्या एकीकडं, हा सर्व्हर, तो सर्व्हर, ही सगळी टॅगची कामं हायत, त्यासाठी भिंत बांधायची गरज नसतीय.

सर्व्हरप्रमाणे वाटणी करायचा मोह होतो ते मला माहीताय, कारण आपल्या डोक्यात सगळं सर्व्हरप्रमाणेच बसलेलं असतं. पण उद्या सर्व्हर बदलला, साइट एका व्हीपीएसवरून (भाड्याच्या सर्व्हरवरून) दुसऱ्यावर नेली, की ती साइट वर्कस्पेस पण बदलणार, आणि बऱ्याच टूलमध्ये मॉनिटर हलवताना जुनी हिस्ट्री मागेच राहते, म्हणजे क्लायंटला वर्षाचा रिपोर्ट द्यायचा झाला तर दोन ठिकाणचे आकडे जोडत बसा. क्लायंट आणि जबाबदारी मात्र सहसा तीच राहते. त्यामुळं वाटणी त्यावरच.

आता चाळीस साइट म्हणजे चाळीस वर्कस्पेस का? अजिबात नको. हे पण मी बघितलंय, पोरं उत्साहानं प्रत्येकाचा वेगळा करतात आणि दोन महिन्यात कुठला अलर्ट कुठं सेट केलाय ते स्वतःलाच सापडत नाही, नवीन माणूस जॉइन झाला की चाळीस ठिकाणी त्याला ॲड करा, गेला की चाळीस ठिकाणनं काढा, त्यात दोन ठिकाणी राहतोच. तुमच्या केसमध्ये मला वाटतं आठ-दहाच्या वर जायची गरज नाही. ज्यांच्याशी लेखी एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आहे, ज्यांची स्वतःची माणसं अलर्ट बघणार आहेत, किंवा ज्यांचं नाव दुसऱ्याला दिसलं तर बोंब होईल, त्यांना वेगळा. दोन्ही सराफ एकमेकांच्या समोर दुकान टाकून बसलेत असं समजा, त्या दोघांचं एका वर्कस्पेसमध्ये चालणारच नाही. आणि त्या पाच पानी साइट, ज्या बंद पडल्या तर मालकाला चार दिवसांनी कळतं, त्या सगळ्या मिळून "देखभाल" नावाच्या एका वर्कस्पेसमध्ये टाका आणि आत क्लायंटचे टॅग लावा. त्यातलं कोण मोठं झालं, एएमसी केली, की तेव्हा बाहेर काढा.

स्टेजिंगचा माझा नियम जरा वेगळाय, सगळ्यांना पटत नाही. सगळ्या क्लायंटच्या स्टेजिंग साइट आपल्या एका अंतर्गत वर्कस्पेसमध्ये, क्लायंटच्या वर्कस्पेसमध्ये नाहीच. कारण स्टेजिंग दिवसातनं दहा वेळा पडतं, पडायलाच असतं ते, आणि क्लायंटनं स्क्रीनवर लाल ठिपका बघितला की त्याला स्टेजिंग म्हणजे काय ते समजावून सांगण्यात अर्धा तास जातो. शिवाय स्टेजिंगचे अलर्ट रात्री वाजायचेच नाहीत. फोनबिन काही नाही, सकाळी एक ईमेल आला तरी पुष्कळ.

आता खरा गुंता. तुमच्या चाळीसपैकी समजा पंधरा साइट एकाच व्हीपीएसवर आहेत (असणारच, कोल्हापुरात सगळ्यांच्याच असतात). त्या सर्व्हरची डिस्क भरली, मायएसक्यूएल (डेटाबेस) बसलं, की पंधरा साइट एका दमात खाली, आणि त्या आता सहा वर्कस्पेसमध्ये विभागल्यात म्हणजे सहा ठिकाणनं अलर्ट येणार. एकाच डॅशबोर्डात होतं तेव्हा निदान एका नजरेत कळायचं की सगळं एकदम गेलंय म्हणजे सर्व्हर गेलाय. वाटणी केल्यावर ती नजर जाते. हे वर्कस्पेस करणाऱ्याला पहिल्या मोठ्या आउटेजपर्यंत लक्षातच येत नाही.

भावकीत जमिनीची वाटणी होते तेव्हा बांध पडतात पण विहीर सामाईक ठेवतात, तसंच करायचं. एक वर्कस्पेस बनवा, नाव सरळ "सामाईक" ठेवा, त्यात फक्त तुमची माणसं. त्यात प्रत्येक सर्व्हरचा एक मॉनिटर, डेटाबेसला हात लावून येणारं एक छोटं हेल्थ पेज प्रत्येक सर्व्हरवर, डीएनएस (डोमेनचं नाव सर्व्हरशी जोडतं ते), मेल सर्व्हर, बॅकअपचे हार्टबीट (काम झालं की आपोआप येणारा "चालू आहे" असा सिग्नल, तो आला नाही की अलर्ट). आणि वेळेचं गणित असं लावा की सामाईकचा अलर्ट आधी वाजला पाहिजे. म्हणजे सामाईकमधले चेक दर मिनिटाला, दोनदा फेल झालं की अलर्ट, आणि क्लायंटच्या वर्कस्पेसमध्ये तोच चेक तीन-चारदा फेल झाल्यावर अलर्ट. मग रात्री पहिला मेसेज येतो तो "सर्व्हर २ डेटाबेस बंद" असा, आणि पाठोपाठचे पंधरा आले तरी तुम्हाला कारण आधीच माहीत असतं. काही टूलमध्ये पॅरेंट-चाइल्ड म्हणजे डिपेंडन्सी लावता येते, पॅरेंट खाली असेल तर चाइल्ड गप्प बसतात, पण एका वर्कस्पेसचा पॅरेंट दुसऱ्या वर्कस्पेसमधल्या चाइल्डला सहसा लागू होत नाही, त्यामुळं हा उशिराचा जुगाडच कामाला येतो.

हेल्थ पेज म्हणजे काय ते पण सांगतो, कारण इथं लोक होमपेजचा चेक लावून मोकळे होतात. होमपेज कॅशमधनं, म्हणजे आधी साठवलेल्या कॉपीतनं येतं. समोर क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढं बसून ट्रॅफिक झेलणारी सेवा) असेल आणि पानं कॅश करायचा रूल लावलेला असेल, किंवा सर्व्हरवरच कॅश प्लगइन असेल, तर मागं डेटाबेस मेलेला असताना सुद्धा होमपेज २०० ("सगळं ठीक" हा स्टेटस कोड) देत राहतं, डॅशबोर्ड हिरवागार, आणि हॉटेलवाले फोन करून विचारतात की बुकिंग का होईना. म्हणून चेक अशा पानावर लावा जे कॅश होत नाही आणि डेटाबेसशिवाय उघडत नाही. हॉटेलला खोल्यांची उपलब्धता दाखवणारं पान, शॉपला कार्ट, कॉलेजला नोटीस बोर्ड. आणि नुसता स्टेटस कोड नको, कीवर्ड चेक पण लावा, म्हणजे पानावर "खोल्या उपलब्ध" असा शब्द सापडलाच पाहिजे. साइट हॅक होऊन कसिनोच्या जाहिराती दिसतात तेव्हा पण कोड २००च असतो, हे विसरू नका.

लॉगिनच्या मागणीवर येतो. हॉटेलवाल्यांना लॉगिन द्यायच्या आधी विचारा की त्यांना नक्की काय बघायचंय. शंभरातले नव्वद क्लायंट लॉगिन मागतात पण त्यांना पाहिजे असतो विश्वास, म्हणजे "तुम्ही सांगता तेवढीच बंद होती का" एवढंच. त्यासाठी स्टेटस पेज (साइट चालू-बंद दाखवणारं साधं पान) पुष्कळ झालं, पासवर्ड लावलेलं, फक्त त्यांचे तीन-चार मॉनिटर, आणि महिन्याच्या एक तारखेला ईमेलनं रिपोर्ट. तरी लॉगिनच पाहिजे म्हणाले तर फक्त त्यांच्या वर्कस्पेसमध्ये, फक्त व्ह्यूअर रोलनं. आणि देण्याआधी एकदा स्वतः दुसऱ्या ईमेलनं व्ह्यूअर बनून आत जाऊन बघा काय काय दिसतंय. काही टूलमध्ये व्ह्यूअरला मॉनिटरची पूर्ण सेटिंग दिसते, त्यात हेडरमध्ये टाकलेली एपीआय की (सिस्टिममध्ये शिरायची गुप्त किल्ली), बेसिक ऑथचा पासवर्ड, अलर्ट जाणाऱ्या सगळ्यांचे मोबाइल नंबर, सगळं उघडं. काही ठिकाणी वर्कस्पेस बदलायच्या मेनूत बाकीच्या वर्कस्पेसची नावं तेवढी दिसतात, उघडत नाहीत, पण नावं दिसली तरी सराफाच्या बाबतीत काम झालंच की.

टूल निवडताना याच गोष्टी तपासायच्या. "वर्कस्पेस" असा शब्द प्रायसिंग पेजवर असतो पण आत काय वेगळं होतं ते प्रत्येकाचं निराळं. कुणाकडं त्याला टीम म्हणतात, कुणाकडं प्रोजेक्ट, कुणाकडं ऑर्गनायझेशन. मेंबर वेगळे होतात का, अलर्टचे चॅनेल वेगळे होतात का, एपीआय की वर्कस्पेसपुरती मिळते का अख्ख्या अकाउंटची, स्टेटस पेज वेगळ्या डोमेनवर लावता येतं का, आणि अख्खा वर्कस्पेस दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर होतो का. शेवटचा मुद्दा लोक विचारतच नाहीत. मॉनिटरची लिमिट वर्कस्पेसप्रमाणे आहे की सगळ्यांत मिळून, आणि बिल माणसांवर लागतं की मॉनिटरवर, हे पण बघून घ्या. आणि फ्री प्लॅनवर क्लायंटच्या साइट चालवत असाल तर अटी वाचा, काही ठिकाणी फ्री प्लॅन कमर्शियल वापराला चालत नाही.

अकाउंटचा मालक ईमेल कुणाच्या पर्सनल जीमेलचा नको. मॉनिटरिंगसाठी एजन्सीच्या डोमेनवर एक वेगळा ईमेल काढा, टू-फॅक्टर लावा, रिकव्हरी कोड दोघांकडं ठेवा. पण तो ईमेल ज्या सर्व्हरवर आहे तो तुमच्याच त्या व्हीपीएसवर नको, नाहीतर सर्व्हर पडला की अलर्टचा मेल पण तिथंच अडकला.

नावं. हे क्षुल्लक वाटतं पण रात्री अडीच वाजता अर्धवट झोपेत फोन हातात घेतल्यावर लॉक स्क्रीनवर पहिले चार-पाच शब्दच दिसतात. "मॉनिटर इज डाउन: एचटीटीपीएस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू..." असं सुरू होणारा मेसेज काही कामाचा नाही. नावात पहिल्यांदा क्लायंट, मग काय बंद आहे, मग सर्व्हर. "हॉटेल-महाद्वार बुकिंग स२" असं. वर्कस्पेस वेगळा असला तरी मॉनिटरच्या नावात क्लायंट पाहिजेच, कारण नोटिफिकेशनमध्ये वर्कस्पेसचं नाव येईलच असं नाही. आणि क्लायंटच्या माणसाला जाणारा मेसेज वेगळा लिहा, बरीच टूल मजकूर बदलू देतात. हॉटेलच्या रात्रपाळीच्या रिसेप्शनिस्टला "५०३" हा एरर कोड कळायचं कारणच नाही, त्याला "ऑनलाइन बुकिंग सध्या बंद आहे, फोनवर बुकिंग घ्या, आम्ही दुरुस्ती करतोय" असा मराठीत मेसेज गेला तर तो लगेच कामाला लागतो.

पण तो मेसेज पहिल्या मिनिटाला जाऊ देऊ नका. आधी तुमच्या दोघांपैकी ज्याची पाळी त्याला, पाच मिनिटात त्यानं उचललं नाही तर दुसऱ्याला, आणि पंधरा मिनिटं झाली तरी बंदच असेल तर क्लायंटच्या माणसाला. छोटे झटके येतात आणि जातात, त्या प्रत्येकाचा मेसेज क्लायंटला गेला तर आठवड्यात तो म्हणणार तुमची साइट सारखी बंदच असते, जरी महिन्याचा आकडा ९९.९ असला तरी.

चॅनेलचं सांगायचं तर टेलिग्राम चांगलं आहे, फुकट आहे, पण एक खोच आहे. साधा ग्रुप कधीकधी सुपरग्रुप होतो, म्हणजे तुम्ही ग्रुपची एखादी सेटिंग बदलली, नवीन लोकांना जुने मेसेज दिसू दे असं काहीतरी, की आतल्या आत ग्रुपचा चॅट आयडी बदलतो. टूल जुन्याच आयडीवर पाठवत राहतं, तिकडं एरर येते, इकडं ग्रुप शांत, आणि आपल्याला वाटतं वा, या महिन्यात एकही साइट पडली नाही. त्यामुळं प्रत्येक वर्कस्पेसमध्ये एक मुद्दाम खोटा मॉनिटर ठेवा, नाव "चाचणी", कीवर्ड असा की जो पानावर नाहीच. एरवी पॉझ. महिन्यातनं एकदा चालू करायचा, सगळ्या चॅनेलवर अलर्ट आला का बघायचं, परत पॉझ. एसएमएसवर फार विसंबू नका, आपल्याकडं कमर्शियल एसएमएसला डीएलटीवर (एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या यंत्रणेवर) हेडर आणि टेम्प्लेट रजिस्टर करावं लागतं, बाहेरच्या टूलचे एसएमएस कधी येतात, कधी तासाभरानं येतात. व्हॉट्सॲपवर पण कंपनीच्या बाजूनं मेसेज सुरू करायचा तर मंजूर टेम्प्लेट लागतं, त्यामुळं सगळ्या टूलमध्ये ती सोय नसते. आणि २०२१ च्या ४ ऑक्टोबरला आपल्याकडं रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप सगळं मिळून सहा तास गेलं होतं ते आठवत असेल, अलर्टचा एकच रस्ता असला की असं होतं. मोठ्या क्लायंटच्या वर्कस्पेसला फोन कॉल पाहिजेच. तो कॉल ज्या नंबरवरनं येतो तो फेव्हरिटमध्ये सेव्ह करा आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये फेव्हरिटला परवानगी द्या, नाहीतर फोन सायलेंटवर आणि तुम्ही घोरताय.

चेकची वेळ पण वर्कस्पेसप्रमाणे ठरवा, सगळ्यांना एकच नको. ९९.९ टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद चालतं. एएमसीत तुम्ही ९९.९ लिहून दिलं असेल आणि चेक दर पाच मिनिटाला असेल तर चार मिनिटाचं बंद कधीकधी दिसणारच नाही, आणि दिसलेल्या प्रत्येक आउटेजमध्ये पाच मिनिटापर्यंतचा फरक, म्हणजे ४३ मिनिटाच्या हिशेबाला ते माप फारच ढोबळ झालं. तिथं एक मिनिट पाहिजे. उलट "देखभाल"मधल्या साइटना ९९ टक्के सुद्धा म्हणजे महिन्याला सात तास बारा मिनिटं होतात, त्यांना पाच मिनिटं भरपूर. आणि एएमसीत हे पण लिहा की ठरवून केलेलं मेंटेनन्स यात धरायचं नाही, नाहीतर अपडेट करताना पण तुमचेच आकडे खाली.

मेंटेनन्स विंडो वर्कस्पेसप्रमाणे लावता येते हा वाटणीचा मोठा फायदा आहे, फक्त तो लोक वापरत नाहीत. प्रत्येक धंद्याचं कॅलेंडर निराळं. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी असते तेव्हा हॉटेलच्या साइटला हात लावायचा नाही, अपडेट सगळे आधीच उरकायचे. सराफांचं धनत्रयोदशी, गुरुपुष्यामृत, अक्षय तृतीया. कॉलेजचं निकाल आणि ॲडमिशन. वर्कस्पेसच्या वर्णनात किंवा नोट्समध्ये दोन ओळीत "या दिवशी डिप्लॉय नाही" (म्हणजे साइटवर नवीन बदल चढवायचे नाहीत) लिहून ठेवा, आणि त्या दिवसांत रिस्पॉन्स टाइमचा अलर्ट जरा कडक करा.

चप्पलवाल्या साइटचं वेगळं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आणि २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्राडा शोवरून जो गदारोळ झाला तेव्हा जगभर नाव झालं. अशा साइटचा गिऱ्हाईक लंडनमध्ये पण बसलेला असू शकतो, म्हणून त्या वर्कस्पेसमध्ये चेक मुंबईबरोबर युरोप, अमेरिकेतनं पण लावा. पण फौंड्रीच्या साइटला, जिथं सर्व्हरवर भारताबाहेरचं ट्रॅफिक ब्लॉक केलेलं आहे, तिथं फ्रँकफर्टमधनं चेक लावला तर तो कायम ४०३ ("आत यायची परवानगी नाही") आणणार आणि तुम्ही रोज खोट्या अलर्टला शिव्या देणार. रिजन (चेक कुठनं होतो ती ठिकाणं) वर्कस्पेस बघून निवडायचे, आणि एकाच रिजननं फेल म्हटलं की अलर्ट नको, निदान दोन ठिकाणनं खात्री झाली पाहिजे. क्लाउडफ्लेअरचं बॉट प्रोटेक्शन असेल तर मॉनिटरचे आयपी आधी अलाऊ करून ठेवा.

एसएसएल (साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट) आणि डोमेन एक्स्पायरी मी क्लायंटच्याच वर्कस्पेसमध्ये ठेवतो, पण अलर्ट कुणाला जाणार हे रिन्यू कोण करणार यावर ठरतं. सर्टिफिकेट आपण लावलं असेल तर आपल्याला. डोमेन बऱ्याचदा मालकाच्या भाच्यानं कधीतरी घेतलेलं असतं, त्याच्या जीमेलवर, आणि भाचा आता बेंगळुरूला असतो. तिथं तीस दिवस, चौदा दिवस, सात दिवस आधीचे अलर्ट थेट मालकाला गेले पाहिजेत, आपल्याला कॉपी. सर्टिफिकेटकडं आता जास्तच लक्ष लागणार आहे. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टनं २०२५ च्या जूनपासून मुदत संपायचे ईमेल पाठवणं बंद केलंय, आणि ब्राउझर आणि सर्टिफिकेट कंपन्यांच्या नव्या नियमानं सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. म्हणजे वर्षाचं विकत घेऊन हातानं लावायचे दिवस संपले. ऑटो रिन्यू चालतंय का हे सांगणारा चेक प्रत्येक वर्कस्पेसमध्ये पाहिजेच पाहिजे.

अपटाइम कुमा (आपल्याच सर्व्हरवर चालवायचं मॉनिटरिंग टूल) वापरणारे पण बरेच आहेत, मी पण वापरतो, फुकट आहे, छान आहे, डॉकरनं दहा मिनिटात उभं राहतं. पण त्यात खऱ्या अर्थानं वर्कस्पेस नाहीत. ग्रुप आहेत, टॅग आहेत, स्टेटस पेज पाहिजे तेवढी काढता येतात, पण लॉगिन एकच, तो ज्याच्याकडं त्याला सगळं दिसतं. क्लायंटला फक्त स्टेटस पेज द्यायचं असेल तर एक कुमा पुरतो. लॉगिनच द्यायचं असेल तर त्या क्लायंटचा वेगळा कंटेनर (म्हणजे कुमाची वेगळी चालू प्रत), वेगळा पोर्ट, वेगळा डेटा फोल्डर. तीन-चार कंटेनरपर्यंत ठीक, पुढं अपडेट आणि बॅकअपचा वैताग होतो, मग पैसे देऊन टूल घेतलेलं स्वस्त पडतं.

आणि कुमा ऑफिसमधल्या जुन्या पीसीवर चालवू नका. पावसाळ्यात लाइट गेली किंवा ब्रॉडबँड गेलं की तुमच्या दृष्टीनं चाळीस साइट एकदम बंद, प्रत्यक्षात एकही नाही. साइटच्या सर्व्हरवर पण नको, उघड आहे. दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या डेटा सेंटरमधल्या छोट्या व्हीपीएसवर ठेवा, आणि तो कुमा जिवंत आहे का हे बघायला बाहेरचा एक हार्टबीट लावा. हेल्थचेक्स डॉट आयओवर वीस चेकपर्यंत फुकट आहे, त्यात प्रोजेक्ट पण वेगळे करता येतात, एवढ्यासाठी तेवढं पुरतं. २०२५ च्या १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर पडलं तेव्हा साइट गेल्याच, पण काय बंद आहे ते बघायला लोक डाउनडिटेक्टरवर गेले तर ते पण नीट उघडेना. तुमची स्टेटस पेज त्याच क्लाउडफ्लेअरच्या मागं असतील तर तुमचं पण तेच.

पाळीच्या यादीत कोल्हापूरबाहेरचा एक माणूस ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद होता, शहरातल्या बऱ्याच भागात लाइट नव्हती, २०२१ ला परत तेच. साइट मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आरामात चालू असतात, फक्त सांभाळणारी दोन्ही माणसं इथं अंधारात. पुण्यातला एखादा ओळखीचा फ्रीलान्सर बघा, त्याला सगळ्या वर्कस्पेसमध्ये घ्यायची गरज नाही, "सामाईक" आणि दोन-तीन मोठे क्लायंट एवढ्यातच मेंबर करा, आणि सर्व्हर रीस्टार्ट कसा करायचा याची चार ओळींची नोट त्याच्याकडं असू द्या. वाटणी केलेली असली की असं अर्धंच देता येतं.

आता हलवायचं कसं. क्लायंटचे मॉनिटर महिन्याच्या एक तारखेलाच हलवा, म्हणजे जुना रिपोर्ट महिनाअखेरीला पूर्ण आणि नवीन एकपासून, मधेच तुटत नाही. आदल्या दिवशी जुन्या अकाउंटमधनं प्रत्येक क्लायंटचा अपटाइमचा इतिहास सीएसव्ही करून ठेवा. आधी "सामाईक" उभं करा, ते आठवडाभर चालू दे, मग एक मोठा क्लायंट, मग बाकीचे. नवीन मॉनिटर चालू झाल्यावर जुने लगेच डिलीट करू नका, अलर्ट बंद करून आठवडाभर दोन्ही पळू द्या, दोन्हीकडं आकडे जुळतायत का बघा. जुळत नसतील तर सहसा रिजन किंवा टाइमआउट वेगळा लागलेला असतो. बऱ्याच टूलला एपीआय असते, चाळीस मॉनिटर हातानं भरण्यापेक्षा एक शीट बनवून छोट्या स्क्रिप्टनं भरा, ती शीटच नंतर तुमचं रजिस्टर होते.

क्लायंट सोडून गेला तर त्याचा वर्कस्पेस ट्रान्सफर होत असेल तर त्याच्या नवीन माणसाच्या नावावर करून द्या, नसेल तर रिपोर्ट एक्स्पोर्ट करून द्या आणि वर्कस्पेस बंद. पण ट्रान्सफरच्या आधी त्यातले तुमचे फोन नंबर, तुमचा टेलिग्राम बॉट आणि हेडरमधल्या किल्ल्या काढा, आणि "सामाईक"मधनं त्याचा हेल्थ चेक काढायचा विसरू नका, तो तिथं राहिला तर सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या साइटसाठी रात्री उठून बसाल. हॉटेलवाल्यांना तोवर स्टेटस पेजची लिंक पाठवून द्या, त्याला अर्धा तास पण लागत नाही, वाटणी नंतर सावकाश झाली तरी चालतंय.